सरपंच शुद्ध आणि मखूप बर्फी

ऑफिसात उष्ट्या कपबशा साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. बीडमधलं छोटंसं बातम्यांचं पोर्टल, जुने कॉम्प्युटर, आम्ही मोजकी माणसं आणि एक सर!

सरांना शुद्ध भाषेचा भारी सोस. त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरांवरच्या टेक्स्ट एडिटरला एकच सामायिक सेटिंग लावली. बातमी सेव्ह केली की 'लई'चं 'खूप', 'हाय'चं 'आहे', 'न्हाई'चं 'नाही', असे कितीतरी शब्द आपोआप बदलायचे. 'बे' तर साफ गायब! फक्त शब्द सुटा आहे की दुसऱ्या शब्दाच्या पोटात, हे बघायचं सर विसरले.

* * *

पहिला दणका नेकनूरकडच्या एका सरपंचांना. उन्हाने चक्कर आली म्हणून आम्ही लिहिलं, 'भर सभेत सरपंच बेशुद्ध!' पोर्टलवर झळकलं, 'भर सभेत सरपंच शुद्ध!'

लगेच विरोधकांचा फोन. "कुणी केलं हो शुद्ध? आमी तर लई वर्षं ट्राय करतोय!"

* * *

दिंद्रुडच्या मिठाईवाल्याने हायस्कूलसमोर दुकान काढलं. त्याची मलई बर्फीची जाहिरात अशी लागली: 'आहेस्कूलसमोर ताजी मखूप बर्फी'. आम्ही तोंड लपवत होतो, तर हा पेढे घेऊन हजर!

"मॅडम, मखूप काय असतंय म्हणून गिऱ्हाईक इचारतंय! म्या पाटी बी तीच रंगवली!"

* * *

आमचा कॉम्प्युटरवाला सोपान वैतागला. त्याने शोधून काढलं की एडिटर उघडताना एक पर्याय दिला की तो सामायिक सेटिंगकडे ढुंकूनही बघत नाही. ज्याची त्याची सेटिंग ज्याच्या त्याच्यापाशी! आम्ही त्याला 'बायपास' म्हणायला लागलो.

मी फोनवर मैत्रिणीला म्हटलं, "सोपाननं काल बायपास केलं, आता लई बरं हाय." ती त्याच्या गल्लीतली. थोड्याच वेळात त्याचे मामा शहाळी घेऊन ऑफिसच्या दारात! सोपान चहात खारी बुडवत होता.

"काल बायपास अन् आज खारी? उठलास कशापायी बे?"

* * *

त्या गोंधळात सरांना सगळं कळलं. खवळलेच! "माझी सेटिंग टाळतोस? उद्यापासून येऊ नकोस."

सोपानचं लग्न नुकतंच ठरलेलं. नोकरी गेली तर सोयरीकही मोडणार. बिचाऱ्याने बॅग खांद्याला लावली.

तेवढ्यात धर्मापुरीहून सरांच्या आई, आमच्या आजी, आल्या. त्यांनी फोनवर सांगितलेली स्वतःच्या लग्नाची आठवण सरांनी त्यांच्याच शब्दांत, त्याच एडिटरमध्ये टाइप करून ठेवली होती. ती सर स्क्रीनवरून कौतुकाने वाचू लागले, "मांडवात आम्ही खूप रडलो. का रडलो, ते आजही ठाऊक नाही."

आजींनी डोळ्यांना पदर लावला. "लई ग्वाड बोलती रं ही बाई. पुण्याची हाय का?"

सरांनी स्क्रीनवरची ती ओळ मनाशी पुन्हा वाचली. मग उठले, सोपानच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि बायपास करायला त्याला आपल्या खुर्चीत बसवलं.

"आरं, सांग की," आजी म्हणाल्या, "पुण्याची हाय का?"