मोडेम नसलेला राऊटर

लग्नाआधी दोन वर्षं मी वर्ध्याला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत असे. म्हणजे मराठी टायपिंग, अर्जाचा नमुना, बेरजेचे तक्ते, एवढंच. पण समुद्रपूरला सासरी आले तेव्हा ती गोष्ट माझ्याआधीच घरात पोचली होती. आमचं बी-बियाण्यांचं दुकान. सासरे गल्ल्यावर बसत. घरातले सगळे त्यांना बाबूजी म्हणायचे, मीही म्हणू लागले. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ते सांगत, "आमच्या सुनेचं कॉम्प्युटरचं शिक्षण झालं आहे. तिले सारं समजते." मी आतून ऐकत असे. ते खोडून काढावं असं मला कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

दोन हजार आठ-नऊचा उन्हाळा असेल. नणंद नागपूरला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होती, ती सुट्टीत लॅपटॉप घेऊन आली. घरात इंटरनेट होतं, पण ते पुढे दुकानातल्या कॉम्प्युटरला. टेलिफोनची तार एका लहानशा काळ्या डब्यात जायची, तो मोडेम, आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये. नणंदेला काही पाहायचं असलं की दुकानात, पोत्यांमध्ये स्टूल टाकून बसावं लागे. कापसाचं बी घ्यायला आलेली माणसं मान वाकडी करून तिच्या लॅपटॉपमध्ये डोकावत. दुकानाच्या मागे गोदाम आणि त्याच्या मागे घर, तिथपर्यंत तार ओढायची तर भिंती फोडाव्या लागल्या असत्या.

"बिनतारी होते म्हणते," बाबूजी मला म्हणाले. "तुले समजते त्यातलं. तूच पाह्य कोणता घ्याचा ते."

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. घरातली एखादी वस्तू माझ्या एकटीच्या पसंतीवर सोडण्याची ही पहिलीच वेळ. मी आठवडाभर दुपारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून राऊटरबद्दल वाचलं. किती अँटेना, किती वेग, किती भिंतींपलीकडे रेंज जाते, हे सगळं एका वहीत उतरवलं. अर्ध्याहून जास्त शब्द मला कळत नव्हते, पण लिहून काढल्यावर ते कळल्यासारखे वाटत. नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, माझ्या कॉलेजातल्या एखाद्या मुलाला विचारू का?" मी म्हटलं, "काही गरज नाही."

नागपूरला बाबूजी स्वतः माझ्यासोबत आले. सकाळची एसटी, जाम गावच्या फाट्यावर थांबा, मग सीताबर्डीचा बाजार. दुकानदार तरुण होता, हिंदीत बोलत होता. त्याने आधी एक साधा, एका अँटेनाचा डबा पुढे ठेवला.

"टेलिफोन की लाइन है ना, मॅडम? तो ये ले जाओ. मोडेम इसी में है."

माझ्या वहीत तीन अँटेनांचा होता. मी तो मागितला.

"वो भी अच्छा है," तो म्हणाला, "लेकिन उसमें मोडेम नहीं आता. आपको अलग से..."

"भैया, मी कॉम्प्युटर शिकवते," मी त्याचं बोलणं मध्येच तोडलं. "मोडेम जुना झाला आता. आम्हाला अ‍ॅडव्हान्सच पाहिजे."

त्याने तीन अँटेनांचा डबा काढला आणि बिल करायला घेतलं. बाबूजी बाजूला उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं ते मला आजही आठवतं, आणि आठवलं की नजर खाली जाते.

घरी आल्यावर मी जुना मोडेम काढून टाकला. तो भंगारात द्या म्हटलं. बाबूजींनी तो पुसून फडताळात ठेवला, कारण चालू वस्तू ते टाकत नसत. टेलिफोनच्या तारेचं लहान टोक राऊटरच्या मागच्या मोठ्या भोकात घातलं, ते बसलंही. हिरवे दिवे लागले. मागच्या खोलीत नणंदेच्या लॅपटॉपवर आमच्या आडनावाचं नेटवर्क आलं, रेंज पूर्ण. सासूबाईंनी सगळ्यांना पेढे दिले. मग नणंदेने एक पान उघडायला घेतलं. ते उघडलं नाही. दुसरंही नाही.

तासभर मी खटपट केली. सगळे माझ्याभोवती उभे होते. शेवटी मी म्हटलं, "राऊटर बरोबर आहे. रेंज दिसतेच आहे. लाइनच खराब असेल."

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस, खांद्याला कातडी पिशवी. गावातल्या प्रत्येक घराची तार त्याच्या हातून गेलेली. त्याने फोन उचलून कानाला लावला, मग आपलं यंत्र तारेला जोडून पाहिलं.

"शेठजी, लाइन तं चांगली आहे."

"चांगली आहे तं चालत काऊन नाई?" बाबूजींचा आवाज चढला. दुकानात सात-आठ माणसं होती. "माही सून शिकलेली आहे. ते म्हणते लाइन खराब आहे. तुमाले जास्त समजते का तिच्यापेक्षा? नुसतं फोन कानाले लावून पाह्यते अन् चालले."

लाइनमनने यंत्र पिशवीत टाकलं. "उद्या खांबावरून पाह्यतो," म्हणून निघून गेला. मी गोदामाच्या दारात उभी होते. त्या वेळी मला अजून खरंच वाटत होतं की लाइन खराब आहे. तेवढाच काय तो मला दिलासा.

पण त्याच दुपारी मी राऊटरच्या खोक्यातलं माहितीपत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. पहिल्याच पानावर चित्र होतं: भिंतीतून तार मोडेममध्ये, मोडेममधून राऊटरमध्ये. नागपूरचा दुकानदार काय सांगत होता ते तेव्हा कळलं. फडताळातला मोडेम काढून बाबूजींसमोर ठेवायचा आणि चुकलं म्हणायचं, इतकं सोपं होतं. मी पत्रकाची घडी केली आणि साडीच्या कपाटात ठेवून दिली. उद्या तो खांबावर चढेल, काही सापडणार नाही, मग पुढचं पुढे पाहू, असा मी विचार केला. यापेक्षा हलका विचार मी आयुष्यात केला नसेल.

दुसऱ्या दिवशी लाइनमन बाराच्या सुमारास आला. आमच्याकडे मे महिन्यात त्या वेळी कुत्रीही रस्त्यावर नसतात. लोखंडी खांब तापलेला. तो शिडी लावून चढला, वरचा जोड सोडवून पुन्हा बांधला, उतरून फोन पाहिला, पुन्हा चढला. मग खांबापासून आमच्या दुकानापर्यंतची सगळी तार त्याने बदलली. मी खिडकीतून पाहत होते. दर वेळी वाटे, आता जाऊन सांगावं. दर वेळी बाबूजी एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलत असत, आणि मी ते कारण धरून जागची हलत नसे.

तिसऱ्यांदा उतरताना त्याचा तोल गेला. तो पडला नाही, पण शेवटच्या पायऱ्या घसरत आला आणि दुकानाच्या ओट्यावर डोकं धरून बसला. बाबूजी गोदामात बी काढून देत होते. मी माठातलं पाणी घेऊन गेले. त्याच्या दोन्ही तळव्यांवर लाल चट्टे उठले होते. त्याने अर्धा तांब्या डोक्यावर ओतला, अर्धा प्यायला. मग उठून आत आला, राऊटर हातात घेतला, उलटा करून मागची भोकं पाहिली. माझ्याकडे न पाहताच हळू आवाजात म्हणाला, "ताई, जुना डबा ठेवला आहे का घरात?"

मी फडताळातून मोडेम आणून दिला. त्याने टेलिफोनची तार मोडेमला लावली, आणि राऊटरच्या खोक्यातच पडलेली लहान निळी वायर मोडेमपासून राऊटरला जोडली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर काहीतरी आकडे मला टाकायला सांगितले. मागच्या खोलीतून नणंद ओरडली, "वहिनी, चालू झालं."

बाबूजी हात झटकत बाहेर आले. "काय होतं?"

मी तोंड उघडणार, इतक्यात तो म्हणाला, "लाइनमधेच फॉल्ट होता, शेठजी. वरचा जोड सडला होता. सूनबाई बरोबर म्हणत होत्या."

आणि पिशवी उचलून तो गेला.

पुढे पाच-सहा महिने बाबूजी हा किस्सा सांगत राहिले. सुनेनं घरात बसून खांबावरचा फॉल्ट पकडला. पाहुण्यांना, बीवाल्यांना, गिरडच्या दर्ग्याहून परतताना दुकानात थांबणाऱ्या ओळखीच्या लोकांना. मी चहा घेऊन आले की मुद्दाम मला दाखवून सांगत. मी हसत असे. तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलून गेला होता, आणि मी त्या खोट्यावर मान मिळवत होते.

दिवाळीनंतर एकदा तो स्वतःच हरभऱ्याचं बी घ्यायला आला. बाबूजींनी त्याच्यासमोरच दोन माणसांना किस्सा ऐकवला. शेवटी म्हणाले, "यायले काई समजत नव्हतं. खुशाल म्हणे, लाइन चांगली आहे." माणसं हसली. लाइनमनही थोडा हसला, पिशवी काखेत घेतली आणि निघाला. ते हसणं मला सहन झालं नाही.

संध्याकाळी बाबूजी जेवून उठल्यावर मी कपाटातलं पत्रक आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. नागपूरचा दुकानदार, त्या दुपारी पाहिलेलं चित्र, खिडकीतून पाहत राहिले तेही. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बराच वेळ पत्रकातलं चित्र पाहिलं.

"मी त्याले चार माणसात बोललो," ते म्हणाले. "तू तवा आतच होती?"

"हो."

त्यांनी पत्रकाची घडी करून माझ्या हातात दिली. मग ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवून लाइनमनला बोलावलं. आपल्या शेजारची खुर्ची दिली. दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी आवाज न दाबता म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी चूक आमची होती. तुमाले उन्हात उगाच चढवलं, अन् वरून बोललो. मनात ठेवू नका."

ते "आमची" म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

"तार बी जुनीच होती, शेठजी," तो म्हणाला. "आज ना उद्या बदलावीच लागली असती."

मला चहा आणायला सांगितलं. मी कप त्याच्या हातात दिला. तळव्यावर आता काही दिसत नव्हतं. आत चहा उकळताना मी माफीचं वाक्य जुळवलं होतं, दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिल्यासारखं. आणि मी विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, ताई," तो म्हणाला.