रुपयाचं फाटक

मी सांगलीला आलो त्या हिवाळ्यात बागेचं तिकीट एक आणा होतं. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे कमिटीचे लोक बिनदिक्कत सांगू लागले की ते पहिल्यापासून चार आणेच होतं. साफ खोटं. तो एक आणा मी माझ्या हाताने खिडकीत सरकवला आहे. त्याच आण्यात आतली फुलं बघितली, जुन्या बंगल्यातल्या ढाली-तलवारी बघितल्या आणि हौदाच्या काठावर पाय सोडून तासभर बसलो. कोणी उठवलं नाही.

बाग नदीच्या अंगाला होती, एका सरदार घराण्याची. घराणं पुण्याला राहायला गेलं आणि बाग गावातल्या पाच-सहा बड्या लोकांच्या कमिटीकडे आली. दर मार्गशीर्षात तिथे फुलांचं प्रदर्शन भरे. कमिटीचा चिटणीस वकील होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. अब्रूनुकसानीचा दावा लढवायला मला वकील करावा लागेल, त्याला लागणार नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. शिकायला विश्रामबागेतल्या कॉलेजात आणि राहायला गावात आत्याकडे. आतोबा हळदीच्या एका अडतीवर कारकून होते. परसात आत्याच्या शेवंतीच्या दहा-बारा कुंड्या होत्या, आणि त्या घरात माझ्यापेक्षा त्यांची जास्त बडदास्त होती. लेंडीखत, पेंडीचं पाणी, काडीला आधार. एका काडीवर आत्या एकच कळी राखायची. बाकीच्या सगळ्या नखाने खुडून टाकायची आणि खुडताना 'जा गं बाई, जा' असं म्हणायची. दिवाळीत अवेळी पाऊस आला की घरातली एकुलती छत्री शेवंतीवर जायची आणि आतोबा डोक्यावर पोतं घेऊन बाजारात. वर्षाची मेहनत एका फुलात. पण ते फूल उमललं की ताटलीएवढं व्हायचं, पांढरंशुभ्र, पाकळ्या आत वळलेल्या.

आमच्या घरात परसातलं पहिलं फूल देवाचं. आत्याने हा नेम फक्त शेवंतीपुरता मोडला होता. फूल प्रदर्शनात जायचं, चार दिवसांनी मान टाकून परत यायचं, मग ते देवाला. 'मी मेली त्याला दरवर्षी शिळं घालते,' असं ती म्हणायची आणि दोन्ही गालांवर हळूच मारून घ्यायची.

पहिल्या वर्षी मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा मला वाटलं, ही फुलं बघत हिंडेल. छे! ती आपल्याच कुंडीपासून दोन हातांवर परक्या बाईसारखी उभी राहिली. तासभर. मी म्हटलं, 'आत्या, चल की. हे फूल तू घरी रोज बघतेस.'

'फूल कोण बघतंय? मी लोकांना बघतेय.'

एक मास्तरीणबाई आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, 'अहो, हे खरं आहे का कागदाचं?' आत्याने तोंडाला पदर लावला. पुढे संक्रांतीपर्यंत हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला ते वाक्य ऐकायला लागलं. वर्षभराच्या कष्टांचा मोबदला तिला तेवढाच हवा होता. बक्षिसाचं कार्ड ती डब्यात टाकून विसरायची.

पुढच्या वर्षी तिकीट दोन आणे झालं, मग चार. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, 'लढाई चाललीय ना हो.' रॉकेल मिळेना, साखर रेशनवर, कापड नाही, तेव्हा तिकीटही वाढलं तर कोण बोलणार? पण लढाई संपली आणि तिकीट झालं आठ आणे! शस्त्रांच्या खोलीला आता वेगळे चार आणे. हौदाकाठी खुर्च्या मांडल्या आणि त्यांचे दोन आणे घेऊ लागले. काठावर नुसतं बसू गेलं तर पहारेकरी उठवायचा. आणि त्याच वर्षी फुलं देणाऱ्यांना मिळणारा गुलाबी पास बंद झाला.

त्याजागी आलेला नियम मला पाठ आहे. कुंड्या आदल्या संध्याकाळी पोचवाव्यात, नंबर रात्रीच लागतील. सकाळी सहा ते आठ येऊन आपापल्या कुंडीला पाणी घालावं, पानं पुसावीत. आठ वाजता घंटा होताच बाहेर पडावं. नऊला प्रदर्शन उघडेल, तेव्हा ज्यांना पाहायचं असेल त्यांनी तिकीट काढावं. म्हणजे मोलकरणीसारखं राबा आणि मागच्या पावली निघा.

त्या वर्षी आत्याचा पहिला नंबर आला. आठची घंटा झाली आणि पहारेकऱ्याने तिला झारीसकट बाहेर काढलं. चिटणीस फाटकातच उभा होता. मी त्याला म्हटलं, 'यांचं फूल आहे आत. पहिला नंबर आहे.'

'असं? अभिनंदन! तिकीट त्या खिडकीवर मिळेल.'

आठ आण्यांत आमच्या घरी तीन-चार दिवसांची भाजी यायची. तरी मी खिशात हात घातला. आत्याने माझं मनगट धरलं. 'नको रे. माझंच फूल बघायला मी तिकीट काढू?' आम्ही घरी निघालो. झारीत थोडं पाणी उरलं होतं, ते चालताना तिच्या लुगड्यावर सांडत होतं. तिला ते कळलंही नाही.

मी त्याच दिवशी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मला येत होतं ते एकच हत्यार. बेचाळीसनंतर सुट्टीत साताऱ्याकडे आम्ही पोरांनी चळवळीची पत्रकं काढली होती. स्टेन्सिल कापायचं, प्रती काढायच्या, सदऱ्याखाली लपवून गावोगाव पोचवायच्या. सरकारला घाबरलो नाही, मग हा कोण? 'फुलांचे दलाल' असं मथळ्याचं पत्रक काढलं आणि फाटकासमोर उभं राहून वाटलं. लोकांनी वाचलं, खिशात घातलं आणि खिडकीवर रांग लावली. तिसऱ्या दिवशी चिटणीस स्वतः माझ्याजवळ आला. 'भाषा चांगली आहे हो तुमची. पुढच्या वर्षी आमची जाहिरात लिहून द्याल का?'

पोलिसाची काठी मी खाल्ली आहे. ती इतकी लागली नव्हती.

फुलं देणाऱ्यांत नदीपलीकडच्या गावचे एक सुभेदार होते. फौजेतून पेन्शनीवर आलेले, घरचा ऊस, आणि उसाच्या बांधाला गुलाब. त्यांनी माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि घडी करून परत दिलं.

'लय झ्याक लिव्हलंस. पर कागदानं काय हुतंय रं गड्या? दुश्मनाची रसद तोडाय पायजे.'

'कसली रसद?'

'फुलं! आपलीच हायती न्हवं?'

मी म्हटलं, पुढच्या वर्षी फुलंच द्यायची नाहीत. आत्याने ते ऐकलं आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाली, 'मग कोल्हापुराहून मागवतील. तुझ्यावाचून कोणाचं अडतंय?' तिचं बरोबर होतं.

वर्ष गेलं. तिकीट एक रुपया झालं. रुपया! प्रदर्शनाच्या आधी महिनाभर, कळ्या खुडताना, आत्या आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, 'या वर्षी पहिलं फूल देवालाच वाहते. नकोच ते प्रदर्शन.'

मी ताडकन उठलो. त्या बागेत एक महादेव आहे. बागेहूनही जुना. देवळाची पूजा गुरवांच्या घराकडे, पिढ्यान् पिढ्या. कमिटीने एकदा देवळाची वाटही तिकिटाच्या खिडकीवरून न्यायचा प्रयत्न केला होता, तेव्हा म्हातारे गुरव घंटा घेऊन फाटकात बसले आणि दिवसभर ती वाजवत राहिले. तेव्हापासून नदीकडची वाट मोकळी होती आणि तिथे कमिटीचीच पाटी होती, 'देवदर्शनास मुक्तद्वार'.

'वाहायचंच,' मी म्हटलं. 'पण तिथल्या महादेवाला. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी.'

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिला लगेच कळलं. 'आणि लोकांनी काय बघायचं?'

'काड्या.'

ती पुन्हा कळ्या खुडू लागली. मी त्याचा अर्थ मला हवा तसा घेतला. महिनाभर मी आणि सुभेदार वीस-बावीस घरं हिंडलो. दोघं-तिघं बक्षिसाच्या चषकाच्या आशेने मागे सरले, पण बोभाटा त्यांनी केला नाही. बाकी सगळ्यांना ती आठची घंटा सलत होती. एका माळ्याची बायको म्हणाली, 'आवं, मी तर मुळासकट उपटते, सांगा फकस्त.'

त्या सकाळी थंडी होती. मांडवात फळ्यांवर कुंड्या रांगेने लावलेल्या, मधोमध आत्याची, तिला तांबडी फीत आणि पहिल्या नंबरचं कार्ड. सगळ्यांनी पाणी घातलं, पानं पुसली. पावणेआठला मी आत्याला खूण केली. तिच्या हातात शिवणाची कात्री होती. सगळे तिच्याकडे बघत होते. पहिला नंबर तिचा, पहिली कात्री तिची.

ती नुसती उभी.

'याला माणसं बघणार होती रे,' ती म्हणाली.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज सुचतं. तेव्हा मी म्हटलं, 'आत्या, आठ वाजतील.'

तिने डाव्या हाताने फुलाला खालून आधार दिला आणि कापलं. मग सगळ्या मांडवात कात्र्यांचा आवाज. ताम्हनं, ताटं, सुभेदारांचा पटका, जे होतं त्यात फुलं भरून आम्ही देवळाकडे निघालो. पहारेकरी धावत आला. 'आवं, आवं, ह्ये काय करताय?'

'देवाला फुलं,' सुभेदार म्हणाले. 'का, देवाचं बी तिकीट हाय व्हय?'

चिटणीस आला तेव्हा शेवटची फुलं पिंडीवर चढत होती. तो ओरडला, 'परत नेऊन ठेवा! काडीला दोऱ्याने बांधा!' गुरव शांतपणे बाजूला झाले. 'वाहिलेलं आहे, वकीलसाहेब. मी हात लावणार नाही. तुम्हाला उचलायचं तर उचला.' गाभाऱ्याच्या दारात तोवर तीस-चाळीस माणसं जमली होती. वकीलसाहेबांचा हात काही उचलला गेला नाही.

नऊला फाटक उघडलं. रुपया देऊन आत आलेल्या लोकांना दोन-तीन कुंड्या सोडल्या तर नुसत्या हिरव्या काड्या दिसल्या, आणि काड्यांना लटकलेली बक्षिसांची कार्डं. पाच मिनिटं कोणाला काही कळेना, मग गलका झाला. 'काड्या बघायला रुपया? ह्यापरीस आमचं वांग्याचं वावर बघा, फुकट!' उद्घाटनाला पुण्याहून आलेले पाहुणे मोटारीतून उतरलेच नाहीत. खिडकी उलटी चालू झाली, चिटणीस स्वतः बसून रुपये परत मोजू लागला. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा त्याने वर न बघता विचारलं, 'किती तिकिटं?'

'तिकीट नाही,' मी म्हटलं. 'जाहिरात लिहून देऊ का, विचारायला आलो.'

त्याचा चेहरा मी अजून जपून ठेवला आहे. उदास वाटलं की काढून बघतो. पुढच्या वर्षी तिकीट दोन आण्यांवर आलं आणि गुलाबी पासही आला. पण मला तेवढ्याने पुरत नव्हतं, आजही पुरत नाही. त्या माणसाने एकदा तरी हातात झारी घेऊन फाटकाबाहेर उभं राहावं, असं मला अजून वाटतं.

त्या सकाळी मात्र पैसे परत होतायत ही बातमी सांगायला मी खिडकीवरून थेट देवळाकडे पळालो. नदीकडच्या वाटेने माणसांची रीघ लागली होती. चिमुकलं देऊळ, आत पिंडीपासून बाहेर नंदीच्या शिंगांपर्यंत फुलं, आणि सगळ्यांत वर ती पांढरी शेवंती. आत्या भिंतीला टेकून उभी होती, हातात रिकामं ताम्हन. एक बाई कडेवरच्या पोराचा हात मागे ओढत म्हणाली, 'हात नको लावू, देवाचं आहे ते. अगं बाई, केवढं हे! खरं असेल का हो?' मग आत्याला विचारलं, 'कोणी वाहिलं?'

'काय माहीत बाई,' आत्या म्हणाली. 'असेल कुणी.'

मी तिच्या कानाशी वाकलो. 'आत्या, पैसे परत करतोय! एकेक रुपया मोजून! तू बघायला हवं होतंस...'

तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

'गप रे,' ती म्हणाली. 'ऐकू दे मला.'