पडणारा लोवेल

लोवेल टिबेट्स मूळचा आयोवाचा, मक्याच्या शेतात वाढलेला. चणीने किरकोळ, पण अमेरिकी फुटबॉलचा लांबट चेंडू काखेत मारून पळत सुटला की कुणाच्या बापाच्या हाती लागत नसे. वडील वारले, कॉलेज सुटलं आणि तो लॉस एंजेलिसला आला. मूकपटांचे दिवस होते. एका विनोदी नटाची अंगकाठी थेट त्याच्यासारखी. म्हणून तोंडं वेडीवाकडी नटाने करायची आणि पडायचं लोवेलने, असं ठरून गेलं.

त्याची बायको ओपल लाँड्रीत इस्त्री करायची. तो लंगडत घरी आला की विचारायची, "आज कुठे आपटलास?"

"चिखलात. मऊ होता गं."

"तुला मऊ! धुवायचं मला आहे."

मग आला तो कॉलेज फुटबॉलचा चित्रपट. भित्रा विद्यार्थी चुकून संघात शिरतो, चेंडू घेऊन उलट्याच दिशेने पळतो आणि दोन्ही संघ त्याच्यावर तुटून पडतात. त्यासाठी खरोखरचे खेळाडू आणले होते. दिग्दर्शक ओरडला, "पोरांनो, अंगावर पडताना हात राखू नका! खोटं वाटलं तर कुत्रं हसणार नाही."

पोरांनी ऐकलं. ढिगारा उठला, लोवेल उठला नाही. सोंगच करतोय असं वाटून सगळे टाळ्या पिटत राहिले.

पाठीचा कणा गेला. कमरेखाली जीव उरला नाही.

चित्रपट लागला तेव्हा त्यानेच ओपलला पाठवलं. "जाऊन ये. लोक हसतात का ते बघ."

तेच दृश्य ठेवलं होतं. ढिगाऱ्याखालून नटाचं चिखलाने माखलेलं डोकं वर आलं आणि थिएटर खदखदलं. शेजारचा जाडा गृहस्थ मांडीवर थापा मारत होता. ओपलकडे बघून तो थांबला.

"बाई, रडताय की काय?"

"छे, हसून हसून पाणी आलं."

घरी लोवेल वाटच बघत होता. "हसले?"

"छप्पर उडायचं बाकी राहिलं."

"आणि तू?"

"मीसुद्धा."

त्याने मान भिंतीकडे वळवली. "चला, वाया नाही गेलं," म्हणाला. त्यानंतर त्या चित्रपटाचं नाव त्या घरात निघालं नाही.

तो आणखी काही वर्षं अंथरुणावर काढून गेला. दफनाला नट आला. चेहऱ्यावरच्या रंगाशिवाय त्याला कोणी ओळखलंही नाही. नंतर ओपलच्या स्वयंपाकघरात तो टोपी चुरगाळत उभा राहिला.

"त्या दिवशी मी सावलीत बसून लिंबाचं सरबत पीत होतो, ओपल. टाळ्या मीही वाजवल्या."

 ओपलने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. कॉफी गरम आहे."

तो गेल्यावर तिने लोवेलची गादी एकटीनेच अंगणात ओढत नेली, उन्हात टाकली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिली.