गिलाव्यातला अंगठा

आमच्या आत्याला माणसं हेरायची नोकरी होती. जुन्या इमारतींची निगा कशी राखायची, याचे वर्ग तिचं कार्यालय भरवी आणि त्यात कोणाला बसवायचं ते ती ठरवी. साहेब लोक साहेबांचीच नावं सुचवत. ते येत, चहा पिऊन फोटो काढून जात, आणि भिंती होत्या तशाच राहत. आत्या म्हणे, भिंतीला ज्याचा हात लागतो त्याला शोधा. बाई तोंडाची फटकळ, पण म्हणणं रास्त.

आतोबा चुन्याचे गवंडी, डावा खांदा पाडून चालणारे. ओल्या गिलाव्यात अंगठा दाबून तो किती मुरलाय ते ओळखत. मलाही शिकवा, असं आत्याने कितीदा म्हटलं. त्यांनी हसण्यावारी नेलं. गेले ते विद्या बरोबर घेऊन. त्या रागापायी ती रडलीसुद्धा नाही.

मग जुन्या टपाल कचेरीचा गिलावा सुटला. चुन्याचं काम जाणणारं कोणी मिळालं नाही तर सिमेंट फासायचं ठरलं. सिमेंटखाली ओल कोंडून भिंत आतून पोखरणार, हे आत्याला ठाऊक होतं. ती तडक तिथे माणसं हेरायला गेली.

झाडणाऱ्या बाईला तिने विचारलं, भिंतीला तारेचा ब्रश का लावत नाहीस? बाई म्हणाली, ते काका नको म्हणाले. पहारेकरी पन्हळीतला पाला काढत होता. त्यालाही काकांनीच सांगितलेलं. कोण काका? डावा खांदा पाडून चालतात, कपडे चुन्याने माखलेले, रोज सकाळी येतात. पर्समधला आतोबांचा फोटो दाखवायचं आत्याने टाळलं.

आतल्या खोलीचं कुलूप तिने स्वतः उघडलं. इमारत तिच्याच कार्यालयाच्या ताब्यात, त्यामुळे चावी तिच्याकडेच असे. खिडकीतून येणाऱ्या भरदुपारच्या उन्हात भिंतीचा एक तुकडा ताजा, ओला दिसला आणि त्यात अंगठ्याचा ठसा.

"मला सोडून सगळ्यांना शिकवलंत," ती म्हणाली आणि इतक्या महिन्यांचं रडू तिथे फुटलं. रागारागाने तिने शेजारी आपला अंगठा दाबला.

मागून, अगदी कानाशी, आवाज आला. "हळू. अजून ओलं आहे."

ती भिंत आत्यानेच पुरी केली. मागे वळून पाहिलंस का, असं मी तिला एकदा विचारलं.

"वळले असते," ती म्हणाली, "तर वर्ग सुटला असता."