आईची पाठ कोणी तपासलीच नाही

माझ्या आईवर अन्याय झाला. शहाऐंशी सालच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सौंसरात, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

त्याच्या कितीतरी आधीपासून तिची पाठ दुखत होती. उंची कमी होत चालली होती. निऱ्या जमिनीवर लोळायच्या आणि शेजारीण हसायची, "काय वो वहिनी, लुगडं नेसायचं विसरल्या का?" पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं नाडी आईची धरली आणि प्रश्न बाबांना विचारले. पाळी कधी गेली, हे त्यानं विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही, आणि दोन पुरुषांसमोर आईनं तो शब्द उच्चारणं शक्यच नव्हतं. "वय झालं," म्हणाला. झालं निदान!

आराम मिळायचा तो चक्कीवर. ज्वारीचे डबे रांगेत लावून पाठ दुखणाऱ्या बाया दळणाच्या मशीनमागच्या भिंतीला टेकून बसत. भिंत थरथरायची, दुखणं बधिर व्हायचं. दळण झालं तरी आई उठायची नाही. "थांब ना वो, हाडं मोकळी होऊन राहिली," म्हणायची.

म्हणून सौंसरात एकानं 'हाडं मजबूत करायची मशीन' आणली, तेव्हा आमच्या घरात कोणाला शंकाच आली नाही. आत्या म्हणाली, "भिंतीनं इतकं बरं वाटते, तं मशीननं तू पोरीच्या लग्नात नाचशील!"

"पोरगी लग्नाले हो तं म्हणू दे आधी," आई माझ्याकडे पाहून म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली.

मशीन म्हणजे खाली मोटर आणि वर लाकडी फळी. आईला वर उभं केलं. फळी सुरू झाली तसे तिचे दात वाजायला लागले.

"बंद करा," ती म्हणाली.

"पहिल्यांदा सगळ्यायलेच भेव वाटते, माताजी," मशीनवाला म्हणाला.

"जरा सोस," बाबा म्हणाले.

तिनं सोसलं. सोसायचीच सवय लावलेली होती. मग पाठीत काहीतरी कट्कन झालं आणि ती फळीवरच खाली बसली. मशीनवाला म्हणतो कसा, "बाईचं मनच कच्चं आहे."

नागपुरात एक्स-रे काढला. पाठीचे मणके चेपलेले, काही जुने, एक ताजा. तिथली डॉक्टरीण आईजवळ खुर्ची ओढून बसली आणि पाळीचं तिनं आईलाच विचारलं. पाळी गेल्यावर कितीतरी बायकांची हाडं अशी ठिसूळ होतात, म्हणाली. मशीनचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "कोणाला किती हलवायचं, हे हाड पाहिल्याशिवाय कसं ठरवलं?"

थरथरीचा उपयोग होतही असेल. उद्या शास्त्र सांगेल. पण माझ्या आईला मोडलेल्या मणक्यांनिशी त्या फळीवर उभं केलं, आणि ती 'बंद करा' म्हणाली तरी बंद केलं नाही.

आता ती उठते, पण वाकलेली. तिला माणसांचे पाय दिसतात, तोंडं दिसत नाहीत. कोण आलं हे ती चपलांवरून ओळखते. तिच्याशी बोलायचं तर मला जमिनीवर बसावं लागतं.

वाचणाऱ्या, हळहळू नकोस. आज घरी जा. पाळी गेलेली तुझी आई, मावशी, सासू, जी असेल तिला विचार, पाठ दुखते का, उंची घटली का. तिला घेऊन जा, हाडांचा फोटो काढायला लाव. डॉक्टरसमोर उत्तर तिलाच देऊ दे, तू तोंड मिटून बस. आणि ती 'थांबवा' म्हणाली, की त्याच क्षणी थांबव.