सहा पंखांची गंजिफा

आमच्या गावातल्या एकमेव झेरॉक्सच्या दुकानातली बाई कुणाचाही कागद वाचत नाही. "पालथो घाला, सर," म्हणते आणि प्रत निघेपर्यंत भिंतीकडे बघत राहते. गिऱ्हाईक नसलं की स्वतः रचलेल्या एका खेळासाठी सावंतवाडीच्या गंजिफेसारखे गोल पत्ते रंगवते. तिच्या त्या खेळातलं विश्व देवदूत चालवतात. डोळ्यांनी भरलेली चाकं ग्रह फिरवतात, सहा पंखांच्या ज्वाळा सूर्य राखतात.

मी चर्चमध्ये मुलांना धर्म शिकवतो. एकदा म्हणालो, "देवदूत इतके भयंकर?"

"गोरेगोमटे आसते, तर बायबलात येताच 'भिया नको' कित्याक म्हणाले आसते?"

तो टोला मला झोंबला. म्हणून मी फादरना निनावी पत्र लिहिलं, की चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, तिला हा खेळ हॉलमध्ये मांडू देऊ नये. वर त्या पत्राची प्रत तिच्याच दुकानात काढली. ती भिंतीकडे बघत होती.

फादरनी तिला पत्ते घेऊन बोलावलं. एक डाव खेळले, हरले आणि म्हणाले, "आणखी एक."

फेस्ताला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मासे विकणाऱ्या बायकाही ओरडत होत्या, "इला गो बाये, माझा चाक इला!"

तिथेच, सगळ्यांसमोर, मी म्हणालो, "खेळ बंद करायचं पत्र मी लिहिलं होतं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ती मात्र पत्ते पिसत राहिली. "मगे सगळे पत्ते तुमी बारकायेन बघितले आसतले. बसा, सर."

तिसऱ्याच हाताला तिने ज्वाळा टाकून मला हरवलं. हॉल दणाणला, आणि सर्वांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या.