जबलपूरचा गळ, जाफराबादचा खडक

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सुमेधचा फोन आला. सुमेध माझा धाकटा भाऊ. "जय भीम ताई. नाताळच्या सुट्टीत बाबांना घेऊन ये न इकडे. समुद्रात गळ टाकू देतो त्यांना."

इकडे म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावर, जाफराबादला. तिथून काही अंतरावर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायचं ठरतं आहे. सुमेध तिथे सर्वेक्षणाचं काम करतो. आधी वारा मोजायचा, मग तळ मोजायचा, मग खांब. खांब अजून कागदावरच आहेत.

बाबा खमरियाच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. आता जबलपूरला, राइट टाउनमध्ये माझ्याकडे राहतात. नोकरीत असताना आणि नंतरही त्यांचा रविवार नर्मदेवर गेला. ग्वारीघाटावर नाही; तिथे लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, गळ काढलेला कुणाला आवडत नाही. बाबा तिलवारा घाटाच्या खाली जातात. गळ टाकण्याआधी ते पाण्याच्या कडेला एक काडी रोवतात. वर बरगीच्या धरणावर वीजघर सुरू झालं की नदी न सांगता चढते. काडी किती बुडाली ते बघायचं आणि सामान मागे घ्यायचं. आमच्याकडचे सगळे गळवाले हे करतात.

"समुद्र," बाबा म्हणाले. "बरं. चलो."

खरं कारण सुमेधनं निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. जाफराबादला कानजीभाई नावाचे एक नावाडी आहेत. राजकोट-सुरतेचे शौकीन गळवाले रविवारी त्यांच्या होडीतून एका बुडालेल्या खडकावर मासे धरायला जातात. तो खडक सर्वेक्षणाच्या पट्ट्यात येतो. पाण्यातल्या उपकरणांवर पहारा द्यायला कानजीभाईंनी होडी हंगामभर भाड्यानं द्यावी, असा कंपनीचा प्रस्ताव होता. पैसा नक्की. पण त्या हंगामात शौकीन लोक बंद, आणि खांब लागल्यावर खडकावर जायला मिळेल की नाही ते कुणी सांगत नव्हतं. कानजीभाईंना आमच्या मुक्कामातच उत्तर द्यायचं होतं.

"ते माझं ऐकत नाहीत," सुमेध म्हणाला. "गळवाल्याचं ऐकतील. बाबांनी फक्त एवढं सांगावं की पाण्यात काही बांधलं तर मासे येतात. बरगीत आलेच होते न?"

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी पेटी बंद केली. ही सागवानी पेटी त्यांनी स्वतः केली होती. पितळी बिजागऱ्या, आत गळ, दोरे, शिसं आणि मोरपिसाच्या देठाचे तरंग.

"आधी मासा पाहू," ते म्हणाले.

जबलपूरहून वेरावळपर्यंत थेट गाडी आहे. दीड दिवस लागतो. दोघांचं थर्ड एसीचं भाडं चार हजारांच्या आसपास. तिकीट महिनाभर आधी काढा. इटारसीपर्यंत बाबा खिडकीशी होते. डब्यातल्या एका बाईंनी रॉडच्या लांब पिशवीकडे बघून विचारलं, "भैया, तंबूरा है क्या?" बाबा म्हणाले, "वही समझो." अहमदाबादेला सकाळ झाली. पुढे जमीन सपाट होत गेली आणि शेतांत जमिनीवरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या. बाबांनी काही वेळ त्या मोजल्या, मग सोडून दिल्या.

वेरावळला रात्रीचा मुक्काम करून सकाळी उन्याची एसटी घेतली. नाताळात दीवला जाणाऱ्यांची या रस्त्यावर गर्दी असते. जागा हवी असेल तर पहिली गाडी पकडा. उन्याहून जाफराबादला दुसरी बस. जाफराबाद कधीकाळी जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. गावात शिरल्यावर मात्र बोंबलांचा वास आधी येतो. बांबूंच्या मांडवांवर हजारो बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले. वासाची सवय व्हायला दोन तास लागतात. सुमेधनं बंदराजवळच्या धर्मशाळेत खोली घेतली होती. खोली साधी, चादरी स्वच्छ.

होडी दुसऱ्या दिवशी नऊला निघणार होती. बाबा साडेपाचलाच उठले. बंदराच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. टपरीच्या फळीवर खडूनं गुजरातीत घड्याळातल्या चार वेळा लिहिल्या होत्या. बसच्या असतील असं आम्हांला वाटलं.

पाणी खूप मागे गेलं होतं. चिखल, मग एक कोरडी घळ, तिच्या पलीकडे शिंपल्यांच्या वाळूचा कठीण उंचवटा. घळ आम्ही चपला घालून ओलांडली. उंचवट्याच्या टोकाला बाबांनी स्टूल मांडलं, पेटी ठेवली, पाण्याच्या कडेला काडी रोवली आणि भाजलेल्या बेसनात मळलेली कणीक गळाला लावून फेकली. पाऊण तासात काही लागलं नाही. काडीवर पाणी दोन बोटं चढलं.

"धीरे चढून राहिलं," बाबा म्हणाले. "अजून टाइम आहे."

मी पुस्तक वाचत होते. मागून कुणीतरी ओरडलं. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी एक बाई दोन्ही हात हलवत होती. "ओ बेन! पाछळ जुओ! पाछळ!"

मी मागे पाहिलं. घळ भरली होती. समोरचं पाणी उंचवट्यावर बोटाबोटानं चढत होतं, पण घळ त्याहून खोल होती आणि समुद्र बाजूनं तिच्यात शिरला होता. नर्मदेवर पाणी पाठीमागून येत नाही. बाबा काडीकडेच बघत राहिले, जणू ती खोटं बोलली होती.

आम्ही उतरलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं, मध्यावर कमरेपर्यंत. ओढ जोराची होती. मी बाबांचा दंड धरला. पेटी त्यांनी डोक्यावर घेतली होती.

"बाबा, सोडा ती."

"काहून सोडू?"

त्यांचा पाय घसरला. पेटी गेली, बाबा राहिले. पेटी समुद्राकडे जाईल असं मला वाटलं होतं. ती गावाच्या दिशेनं, खाडीत आत गेली, सावकाश, सरळ तरंगत. मग तिवरांच्या मागे दिसेनाशी झाली.

काठावर एक सडपातळ माणूस उभा होता. त्यानं बाबांना हात देऊन वर घेतलं आणि गळ्यातला पंचा त्यांच्या खांद्यावर टाकला. "दादा, मैं कानजी," तो म्हणाला. "आपको लेने आया था. आप तो पहले ही पानी में उतर गए."

कणकेचा डबा अजून माझ्या हातात होता. त्यानं उघडून वास घेतला. "समुंदर में रोटी कौन खाएगा?" बोंबीलवाली बाई हसली. बाबाही हसले, पण थोड्या वेळानं. चहाच्या टपरीवरच्या वेळा भरती-ओहोटीच्या होत्या, हे आम्हांला तेव्हा कळलं. तुम्ही जाल तेव्हा त्या फळीचा फोटो काढून ठेवा.

कोरडे कपडे घालून दहाला निघालो. बंदरावर नावं लिहून घेतात; आधार कार्ड जवळ हवं. कानजीभाई पाच जणांच्या गटाला दिवसाचे सहा हजार घेतात. आमच्याकडून त्यांनी फक्त डिझेलचे घेतले. सुमेध बरोबर होता. तासाभरानं कानजीभाई मागे वळून बघू लागले. एका देवळाचा झेंडा कारखान्याच्या धुराड्याच्या बरोबर पुढे आला, तसं त्यांनी इंजिन बंद केलं. खाली खडक. वरून कळण्यासारखं काही नव्हतं.

"ये निशान बाप ने बताया था," कानजीभाई म्हणाले. "चिमनी बाद में आई. पहले वहाँ ताड़ था."

सुमेधनं दूर बोट दाखवलं. वारा मोजणारं एक पिवळं उपकरण लाटांवर हलत होतं. त्याच्यापलीकडे क्षितिज. "बाबा, तिथून तिथपर्यंत. एकेक खांब आपल्या घरासमोरच्या पाण्याच्या टाकीपेक्षा कितीतरी उंच."

बाबांनी त्या रिकाम्या जागेकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं होतं की मला राग येईल किंवा आनंद होईल. दोन्ही झालं नाही. आमच्या घरातला दिवा बरगीच्या पाण्यावरही लागतो, आणि त्या पाण्याखाली कुणाची तरी गावं आहेत. तरी मी दिवा लावतेच.

कानजीभाईंनी बाबांना स्वतःचा दोर दिला, गळाला कोळंबी लावून. रॉड नाही, तरंग नाही. दोर नुसता बोटावर धरायचा. पहिले दोन मासे बाबांनी घालवले. तिसऱ्याला कानजीभाईंनी त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं. "अभी नहीं. अभी नहीं. हाँ." रावस होता, हातभर लांब. बाबांच्या बोटाला दोर कापला होता. त्यांनी मासा धरला आणि त्याच्या पोटावरून उलटा हात फिरवला, नर्मदेचा मासा धरल्यावर फिरवतात तसा.

दुपारी कानजीभाईंच्या घरी जेवलो. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, तोच रावस. ताटं उचलल्यावर कानजीभाई बाबांसमोर बसले.

"दादा, आप नर्मदा के आदमी हो. आपके यहाँ बाँध बना. आप बोलो, मैं क्या जवाब दूँ?"

सुमेध घाईनं म्हणाला, "परदेशात खांबांभोवती मासे जमतात, कानजीभाई. शौकीन लोक तिथेच जातात."

"तेरे को नहीं पूछा, साहब. तूने कभी मछली पकड़ी है?"

बाबा बोटावरच्या जखमेकडे बघत होते.

"कानजीभाई, सुबह मेरी पेटी बह गई," ते म्हणाले. "समुंदर का मुझे कुछ मालूम नहीं. बरगी का बता सकता हूँ." आणि मग त्यांनी सांगितलं. धरण भरल्यावर पहिली काही वर्षं मासे इतके होते की खमरियाहून स्कूटरवर गेलेले लोक पिशव्या भरून यायचे. बाडस, म्हणजे महसीर, कमी होत गेला. तो वाहत्या पाण्याचा मासा. दुसरे आले, मोठे झाले. मग तलावाचा ठेका झाला. काठावर ठेकेदाराचा एक माणूस बसला, आणि त्यानं गळवाल्यांना परत पाठवलं. पाणी होतं, मासे होते.

"मछली आएगी," बाबा म्हणाले. "काँटा किसका गिरेगा, वह पहले पूछ लो. लिखवा लो."

कानजीभाईंनी सुमेधकडे पाहिलं. "तो लिखो साहब. खंभे के बीच से शौकीन की नाव जाएगी, काँटा डालेगी. इतना एक लाइन. फिर होड़ी तुम्हारी."

सुमेधनं वहीत ती ओळ लिहिली. "मैं ऊपर भेजता हूँ," तो म्हणाला. वचन त्याला देता येत नव्हतं. ते सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी बस स्टँडवर तो बाबांवर चिडला. "तुम्ही माझं काम करायला आला होता की बिघडवायला?"

"मासे धरायले आलतो," बाबा म्हणाले. "तू बलावलं होतं न?"

"एक वाक्य बोलायचं होतं, बाबा. एक."

"तेच बोललो. तू पुरं ऐकलं नाही." मग म्हणाले, "पेटी सापडली तर ठेवून घे. तुले होईल."

परतीच्या गाडीत बाबांनी रतलामला शेव घेतली, माझ्या थोरल्या लेकीसाठी. मी हिशेब केला: दोघांची सहा दिवसांची सहल, राहणं-खाणं धरून, बारा हजारांत झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो. खांब लागायच्या आधी तो खडक बघायचा असेल, तर वेळ आहे.

जानेवारीच्या शेवटी सुमेधचा फोन आला. कागद वरून परत आला होता. बाकी सगळं तसंच, ती एक ओळ गाळलेली. कानजीभाईंनी कागद दोनदा वाचून घेतला आणि सही केली नाही. पहाऱ्याला दुसऱ्याची होडी लागली. आता त्या पट्ट्यात कानजीभाईंना जाता येत नाही. रविवारचे लोक दुसऱ्या बंदरावर जाऊ लागले आहेत. कानजीभाई हंगामापुरते दुसऱ्याच्या होडीवर बोंबलाच्या जाळ्यांना जातात.

बाबांनी फोन कानाला धरून हे सगळं ऐकलं. "नाराज आहे का तो?"

"नाही," सुमेध म्हणाला. "दादा कैसे हैं, विचारत होते." मग म्हणाला, "मी ती ओळ परत पाठवली आहे, बाबा. या वेळी माझ्या नावानं. साहेब खुश नाहीत."

बाबा "अच्छा" म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

पेटी सापडली नाही.

मागच्या रविवारी आम्ही तिलवाऱ्याच्या खाली गेलो. गळ आणि दोरे प्लास्टिकच्या डब्यात होते. हवा थंड होती, नदी संथ. मी विचार करत होते की काय राहिलं: रावसाच्या पोटाचा थंडपणा, देवळाचा झेंडा धुराड्यापुढे सरकतो तो क्षण, आणि पाहुणे म्हणून गेलेल्या बाबांच्या सल्ल्यामुळे एका घरात आलेला हा हंगाम. बाबांनी बरोबर सांगितलं, असं मला अजून वाटतं. त्याची किंमत आमच्या घरानं दिलेली नाही.

बाबांनी पाण्याच्या कडेला काडी रोवली. मग वाकून दुसरी शोधली, दहा पावलं मागे चालत गेले आणि कोरड्या रेतीत ती रोवली.

"बाबा, तिथे काहून?"

त्यांनी स्टूल थोडं वळवून मांडलं, दोन्ही काड्या दिसतील असं, आणि मग गळ टाकला.